कागदाचा आर्यभट

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला छंद असावा की नसावा, याबद्दल आमच्या वर्गात दोन पक्ष आहेत. छंद असलाच तर तो जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटे जमवण्याचा असावा, म्हणजे त्याचे पुढेमागे मोल तरी येते, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला कोणत्याच छंदाचे वावडे नाही. फक्त त्याचा जमाखर्च मांडता आला पाहिजे, एवढीच त्याची अट. गेल्या उन्हाळ्यात मी कागदाचा एक कृत्रिम उपग्रह तयार केला, हे कळल्यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत झाले आणि त्यांनी एका सुरात विचारले, "याचा उपयोग काय?" प्रश्न वाजवी आहे. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून ते लेखी देत आहे.

उपग्रह कोणता, ते आधी सांगते. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथील तळावरून सोव्हिएत अग्निबाणाने तो अवकाशात नेला. आमच्या पिढीला चांद्रयान ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा गल्लोगल्ली फटाके वाजले होते. पण आर्यभट म्हटले की बहुतेकांना प्राचीन गणितज्ञच आठवतो, आणि तोही परीक्षेपुरता!

मग चांद्रयान सोडून आर्यभट का? याला दोन कारणे झाली. पहिले कारण कागदाचे. कागद हा मोठा मानी पदार्थ आहे. तो एका दिशेने वाकतो, गुंडाळला जातो, घडी घालून घेतो. पण एकाच वेळी दोन दिशांनी वाकायला सांगितले की सुरकुततो किंवा फाटतो. चेंडूला कागद गुंडाळून पाहावा, म्हणजे खात्री पटेल. आर्यभट दिसायला गोलसर असला तरी खरा गोल नव्हता. त्याला सव्वीस सपाट बाजू होत्या : मध्ये उभ्या आठ, वर निमुळत्या होत गेलेल्या आठ, तशाच खाली आठ, शिवाय माथ्याची एक आणि तळाची एक. सूर्यप्रकाशावर वीज तयार करणारे घट माथा आणि तळ सोडून इतर सर्व बाजूंवर बसवलेले होते, आणि असे घट बसवायला सपाट जागाच सोयीची. जे त्या घटांना सोयीचे तेच कार्डशीटलाही सोयीचे पडले. कागदात उतरावा असाच त्या उपग्रहाचा घाट आहे.

दुसरे कारण आबाजी, म्हणजे माझ्या आईचे वडील. आईचे माहेर मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील कटंगी. तिथे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारच्या ओसरीवर पोवारी ऐकू येते. गोंदिया-जबलपूरच्या छोट्या रुळांच्या मार्गाला बालाघाटहून फुटणारा फाटा कटंगीपर्यंत येत असे. आता तिथे मोठी गाडी येते. या मुलखात मँगनीजच्या खाणी आहेत. अशाच एका खाणीच्या कचेरीत आबाजी कारकून होते आणि मजुरांचा पगार वाटण्याचे काम त्यांच्याकडे असे. आर्यभट सुटल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. १९७६ पासून दोन रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला आर्यभटाचे चित्र छापून येऊ लागले. आबाजी म्हणतात, "हजारो आर्यभट माझ्या बोटांखालून गेले माय. पगाराच्या दिवशी पहायला फुरसत नव्हती आणि नंतर नोट हातात राहत नव्हती."

त्या नोटांची छपाई केव्हाच थांबली. आबाजींच्या पेटीत एक नोट जपून ठेवलेली आहे. पण काचबिंदूने त्यांची नजर गेली, त्यालाही आता सहा वर्षे झाली. मे महिन्यात एके दुपारी त्यांनी ती नोट माझ्या हातात दिली आणि चित्रातले यान कसे आहे ते सांग म्हणाले. मी सांगू लागले : गोल आहे, पण गोल नाही, वर पट्ट्या आहेत, त्या तिरप्या आहेत... ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ऐकून ऐकूनच तर पन्नास वर्षं झाली." यावर मी काय बोलणार? चित्र बोटांना दिसत नाही. बोटांना वस्तूच लागते.

म्हणून ही प्रतिकृती. तिचा गिऱ्हाईक एकच होता, आणि तो सव्वीस बाजू बोटांनी मोजून घेणार होता. पगारवाटपाच्या वहीत कधी एका पैशाचा फरक पडू न दिलेला तो माणूस. त्याच्यापुढे "साधारण असे असते" म्हणून भागणार नव्हते.

प्रतिकृतीत पहिला निर्णय प्रमाणाचा. आर्यभटाचा व्यास होता सुमारे १.४ मीटर आणि वजन सुमारे ३६० किलो. एकास दहा हे प्रमाण धरले की व्यास चौदा सेंटिमीटर येतो, म्हणजे दोन्ही तळहातांत मावेल एवढा. आठ कोनांची आकृती टोकापासून टोकापर्यंत चौदा सेंटिमीटर हवी असेल, तर तिची प्रत्येक बाजू ५.३६ सेंटिमीटर भरते. आठही बाजूंची बेरीज होते सुमारे ४२.९. तेवढ्याच व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ ४४ सेंटिमीटर आहे. म्हणजे सपाट बाजूंचा आर्यभट खऱ्या गोलापेक्षा घेरात जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आत कमी. हे गणित करताना एक मौज लक्षात आली. परीघ काढायला जो ३.१४१६ हा आकडा मी वापरला, तो आर्यभटानेच दिलेला आहे. चारमध्ये शंभर मिळवा, आठने गुणा, त्यात बासष्ट हजार मिळवा. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा परीघ होय, असा त्याचा हिशेब. 'आर्यभटीय' इ. स. ४९९ मधले, आणि तेव्हा त्याचे वय होते तेवीस. माझ्यापेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठा!

प्रमाण एकदा ठरले की ते सगळ्या जगाला लागू करून पाहण्याचा मोह होतो. आर्यभट जमिनीपासून साधारण सहाशे किलोमीटरवरून फिरत होता. एकास दहाने ते अंतर साठ किलोमीटर होते. म्हणजे माझा कागदी आर्यभट कटंगीत धरला, तर जमीन बालाघाटच्याही पलीकडे जाते. आणि पृथ्वी? तिचा व्यास पावणेतेराशे किलोमीटर होईल : कटंगीपासून थेट बंगळूर ओलांडून पुढे. तळहातावरच्या वस्तूसाठी एवढी मोठी पृथ्वी लागते, हे मी आबाजींना सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसत होते.

बंगळूरचा उल्लेख निव्वळ अंतरासाठी केलेला नाही. हा उपग्रह जन्मला तिथेच. १९७२ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार झाला आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या साध्या शेडमध्ये प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. राव हे उडुपीजवळच्या अदमारूचे. त्यांची हकिगत मी पहिल्यांदा कन्नडमध्ये वाचली; आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रमैत्रिणींचे हे ऋण इथे जमेस धरते. हाताखालची बहुतेक मंडळी तरुण, आणि उपग्रह बांधण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. जागेची इतकी चणचण होती, की बंगळुरात उपग्रहाकडून येणारी माहिती घेण्यासाठी एका स्वच्छतागृहाचे रूपांतर यंत्रांच्या खोलीत करावे लागले. सौर घट आणि बॅटऱ्या सोव्हिएत संघाकडून आल्या. उपग्रह मात्र इथल्या हातांनी उभा केला. आणि अवकाशात जाणारा आर्यभट तयार होण्याआधी त्या लोकांनीही त्याच्या प्रतिकृतीच केल्या. एक थरथराट सोसतो का ते पाहण्यासाठी, एक तापमान सोसतो का ते पाहण्यासाठी. "प्रतिकृती म्हणजे पोरखेळ" असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मामांचे वह्यापुस्तकांचे दुकान असल्यामुळे कार्डशीट घरचेच. हत्यारे म्हणाल तर ब्लेड, पोलादी पट्टी, शाई संपलेली रिफिल आणि गोंद. रिफिलचा उपयोग घडीच्या जागी नुसती खोच पाडण्यासाठी. खोच न पाडता जाड कागद दुमडला तर घडी हवी तिथे पडत नाही, कागदाला हवी तिथे पडते. आराखड्यात सलग रेघ म्हणजे कापायचे आणि तुटक रेघ म्हणजे दुमडायचे. नकाशांत राज्यांच्या सीमाही तुटक रेघांनीच दाखवलेल्या असतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि माझ्या वडिलांचे बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. दोन्हीकडच्या घरांत मराठी बोलली जाते आणि दोन्हीकडे अंगणात उतरले की दुसरी भाषा बोलावी लागते. अशा घरातल्या मुलीला तुटक रेघेचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. ती कापण्यासाठी नसते.

कामातला सर्वांत कठीण भाग म्हणजे आठ बाजूंचे कडे बंद करणे. कार्डाला जाडी असते, साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. ती प्रत्येक घडीत थोडी थोडी लांबी खाते. एका घडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. आठ घड्यांनंतर मात्र चार मिलिमीटरची फट पडते आणि कडे जुळत नाही. आमच्या तेरजेत असे होते, की एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने झाकली जाते आणि बेरीज बिनबोभाट जुळते. कागदात ही सवलत नाही. घडी नेहमी एकाच दिशेने खाते. यावर उपाय असा, की प्रत्येक बाजू आधीच्या रेघेपासून मोजायची नाही. सगळ्या बाजू पहिल्या रेघेपासून मोजायच्या. म्हणजे ५.३६, मग १०.७२, मग १६.०८... असे केले की एका रेघेचा फरक पुढच्या रेघेच्या डोक्यावर बसत नाही. शिवाय घडीत जाणारी जाडी आधीच हिशेबात धरायची. मधले कडे असे बंद झाले, तेव्हा सांध्यावरून नख फिरवले तरी अडकत नव्हते.

इतर प्रतिकृती डोळ्यांसाठी असतात. त्यांत रंगाला मान. माझ्या गिऱ्हाइकाला रंगाचा उपयोग नव्हता. तेव्हा सौर घटांचे चौकोन रंगवण्याऐवजी मी मागच्या बाजूने सुईने टोचे पाडले, म्हणजे पुढच्या बाजूला बारीक उंचवटे आले. घट असलेल्या चोवीस बाजू बोटांना खरखरीत लागतात, माथा आणि तळ गुळगुळीत. अँटेनाच्या काड्यांसाठी खराट्याच्या काड्या तासून घेतल्या. सगळे मिळून अकरा दिवस लागले. मामी म्हणाल्या, "एवढ्यात एक स्वेटर झाला असता." मे महिन्यातल्या बालाघाट जिल्ह्यात स्वेटर! पण त्यांचे म्हणणे रागाचे नव्हते.

बाराव्या दिवशी मी तो आबाजींच्या हातात दिला. त्यांनी आधी माथा शोधला, तिथे डावा अंगठा रोवला आणि उजव्या हाताच्या बोटाने मोजायला सुरुवात केली. नोटांचे बंडल मोजावे तसे, ओठ हलवत. आठ. मग कडेकडेने खाली, पुन्हा आठ. पुन्हा आठ. तळावर तळहात फिरवला. "सव्वीस भरले," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण हलकं आहे वं माय. रिकाम्या खोक्यावानी. किती किलोचा सांगत होतीस?"

मी बारा दिवस लांबीचा हिशेब करत होते. हाताला वजनही कळते, हे हिशेब करणाऱ्याच्या हातानेच सांगायला हवे होते. इथे प्रमाणाचा एक गमतीचा नियम आहे. लांबी दहापट कमी केली, की क्षेत्रफळ शंभरपट आणि आकारमान हजारपट कमी होते. त्या हिशेबाने ३६० किलोचा आर्यभट ३६० ग्रॅमचा व्हायला हवा. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, तर माझा भरला ३८ ग्रॅम. उरले ३२२. ते कशाने भरायचे, ते आबाजींनीच ठरवले. त्यांच्या पेटीत त्या नोटेशेजारी मँगनीजचे खडे आहेत, नोकरीतून निवृत्त होताना खाणीवरून आणलेले. काळे, लहान असून हाताला जड. एक मोठा आणि दोन बारके मिळून काटा जुळला. माथ्याची बाजू अजून चिकटवलेली नव्हती. आत कार्डाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट घालून खडे बरोबर मधोमध बसवले. ते एका बाजूला गेले असते तर चालले नसते. खरा आर्यभट स्वतःभोवती फिरत स्थिर राहत होता आणि अशा फिरणाऱ्या वस्तूचा तोल मध्यावरच हवा. मग माथा बंद केला आणि आबाजींच्या हाती दिला. त्यांनी तो दोन-तीनदा वरखाली तोलून पाहिला. काही बोलले नाहीत. नोट मात्र पेटीत ठेवायला सांगितली.

या प्रतिकृतीत काय नाही, तेही सांगितले पाहिजे. खऱ्या आर्यभटात क्ष-किरणांचा, सूर्याचा आणि वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारी उपकरणे होती. माझ्यात खडे आहेत. खऱ्या आर्यभटाचे प्रयोग चार दिवसांनंतर वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे बंद पडले. ते चार दिवस कोणत्या कार्डावर कापून दाखवणार? प्रयोग थांबले तरी उपग्रह फिरत राहिला आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला. आबाजींना हे ठाऊक नव्हते. चार दिवसांची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तोट्यात गेला?" मी म्हटले, "प्रयोगांच्या खात्यावर तोटा, शिकण्याच्या खात्यावर नफा." १९७९ मध्ये भास्कर आणि १९८१ मध्ये ॲपल हे उपग्रह त्याच शिदोरीवर तयार झाले, हा तपशील जोडल्यावर त्यांनी ती नोंद मान्य केली.

आमच्या अभ्यासातला ताळेबंद हीसुद्धा अखेर एका दुकानाची कागदी प्रतिकृतीच असते. दुकानातली गर्दी, उधारीवर नेणाऱ्याचा ओशाळा चेहरा, मामांचे सकाळी कुलूप उघडणे यातले काही ताळेबंदात नसते. तरीही त्यावरून दुकानाचे खरे आणि वाजवी चित्र मिळावे, असे आपण म्हणतो. ते कशाच्या जोरावर? प्रमाणाच्या. मराठीत 'प्रमाण' म्हणजे माप आणि प्रमाण म्हणजे पुरावाही. कन्नडमध्ये याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : शपथ. मंत्री घेतात ते 'प्रमाणवचन'. एकास दहा असे एकदा लिहिले, की शेवटच्या बाजूपर्यंत ते पाळायचे. बघणाऱ्याला कळणार नाही म्हणून एखादी बाजू लहानमोठी करायची नाही. कारण समोरचा माणूस आपल्या कागदावर विश्वास ठेवून, स्वतः न पाहिलेल्या वस्तूविषयी मत बनवणार असतो. भागधारक कारखाना पाहत नाही. आबाजींना आर्यभट दिसणार नव्हता. दोघांच्या हाती फक्त कागद येतो. आणि हा 'कागद' शब्द तर आमच्या अंकाच्या दोन्ही विभागांत एकच आहे.

आता वर्गातल्या दोन्ही पक्षांसाठी जमाखर्च. खर्च : कार्डशीट पाच, गोंदाची एक बाटली, ब्लेडचे एक पाकीट, मामांनी पैसे घेतले नाहीत, पण दुकानाच्या भावाने एकंदर रुपये ८७. खडे आणि खराट्याच्या काड्या घरच्या. अकरा दिवस. जमा : आर्यभट कटंगीतच आहे, आबाजींच्या उशाजवळच्या कोनाड्यात. मामांचा परवा फोन आला होता. शेजारची मुले संध्याकाळी ओसरीवर जमतात आणि आबाजी त्यांना हिंदीत सांगतात, "छब्बीस बाजू हैं. मेरा भरोसा मत करो, गिनकर देखो." एक मुलगी दोनदा मोजूनही पंचवीसच म्हणते, कारण तळाची बाजू ती विसरते. आबाजी तिला उत्तर सांगत नाहीत. पुन्हा मोजायला लावतात.

आराखड्याची मूळ प्रत माझ्याकडे आहे. कुणाला हवी असल्यास खुशाल उतरवून घ्यावी. कार्ड जाड घ्यावे, घडीआधी खोच पाडावी आणि सगळ्या बाजू पहिल्या रेघेपासून मोजाव्यात.